सोयाबीननंतर एक एकर कोबी: गड्डे एकसारखे भरावेत आणि अळी आटोक्यात राहावी यासाठी काय करावे?

सिन्नर शिवार

सर्वांना नमस्कार. आमची शेती सिन्नर तालुक्यात आहे. त्यातील एक एकर मध्यम काळ्या जमिनीत सध्या सोयाबीन उभे असून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणीस येईल. त्या जागेत या वर्षी प्रथमच कोबी लावण्याचा विचार आहे. विहिरीला साधारण मार्चपर्यंत पाणी पुरते, ठिबक संच बसवलेला आहे आणि घरची जनावरे असल्यामुळे कुजलेल्या शेणखताची सोय आहे. माती परीक्षणाच्या अहवालात सामू (पीएच) ७.८, सेंद्रिय कर्ब मध्यम आणि पालाश (पोटॅश) भरपूर असे आले आहे.

लागवडीपूर्वी आजूबाजूच्या शेतांत फिरून मी जे पाहिले त्यातून काही शंका निर्माण झाल्या आहेत. एकाच शेतात काही गड्डे दीड किलोचे होते, तर शेजारच्याच ओळीतील गड्डे मुठीएवढे राहिले होते. काही झाडांना मधला गड्डाच धरला नव्हता आणि त्याऐवजी बाजूने दोन-तीन लहान गड्डे फुटले होते. काही शेतांत चांगले भरलेले गड्डे काढणीच्या तोंडावर उकलले. फेब्रुवारीत एका शेतात तर आठवड्याला फवारणी होत असूनही पानांची चाळण झालेली दिसली. त्या शेतकऱ्याने मेहनतीत काहीही कमी केलेले नव्हते, म्हणून ते दृश्य पाहून फार वाईट वाटले.

माझे प्रश्न असे आहेत. आमच्या भागात रोपे कोणत्या तारखेच्या आसपास लावावीत आणि किती अंतरावर लावावीत? गड्डे एकसारखे भरावेत आणि फुटू नयेत यासाठी पाण्याचे नियोजन कसे असावे? अळीसाठी कमीत कमी फवारण्यांत भागेल अशी काही पद्धत कोणी स्वतःच्या शेतात यशस्वी केली आहे का? हाच कोबी आमच्या घरातही शिजणार आहे आणि तो विकत घेणाऱ्याच्या घरीही मुले आहेत, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

गोदाकाठ निफाड

ताई, आपण पाहिलेल्या प्रत्येक दोषाचे कारण वेगळे आहे, परंतु त्यांतील बरेचसे लागवडीची तारीख, रोपांची निवड आणि पाण्याचे सातत्य या तीन ठिकाणीच ठरून जातात, असे इतकी वर्षे हे पीक घेतल्यावर मी खात्रीने सांगू शकतो. फवारणी आणि खते यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते, परंतु या तीन गोष्टी बिघडल्या तर नंतर कितीही खर्च केला तरी गड्ड्यात फरक पडत नाही.

प्रथम तारखेविषयी. कोबीचा गड्डा १५ ते २० अंश सेल्सियस तापमानात उत्तम भरतो आणि २५ अंशांच्या वर गेले की भरण मंदावते, पाने सैल राहतात. आपल्या भागात असे हवामान डिसेंबर आणि जानेवारीत असते, म्हणून गड्डा भरण्याचा काळ त्याच महिन्यांत येईल अशा बेताने उलटा हिशेब करावा. सध्याचे बहुतेक संकरित वाण पुनर्लागवडीनंतर ६५ ते ७५ दिवसांत तयार होतात. ऑक्टोबरच्या मध्याला रोपे लावली तर डिसेंबरच्या अखेरीस काढणी येते, आणि त्यासाठी बियाणे सप्टेंबरच्या मध्याला टाकावे लागते. आपण फेब्रुवारीत पाहिलेले शेत बहुधा डिसेंबरमध्ये लावलेले असावे. उन्हाची चाहूल लागल्यावर अळीच्या पिढ्या झपाट्याने वाढतात आणि गड्डाही सैल राहतो, त्यामुळे उशिरा लावलेल्या कोबीला दोन्ही बाजूंनी मार बसतो.

मात्र संपूर्ण एकर एकाच दिवशी लावू नये, असा माझा आग्रह आहे. तीन तुकडे करावेत आणि त्यांच्या लागवडीत बारा ते पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. जानेवारीत नाशिकच्या बाजारात चारही दिशांनी कोबी येतो आणि भाव कधी कोसळेल हे कोणालाही सांगता येत नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, कोबी शेतात उभा ठेवला की उकलतो. तीन तुकडे असतील तर एखादी पट्टी (विक्रीचा हिशेब) वाईट आली तरी हंगाम हातचा जात नाही. शेवटचा तुकडासुद्धा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावून व्हावा.

वाणांबाबत, गोल्डन एकर हा जुना, लवकर येणारा, गोल आणि घट्ट गड्ड्याचा सुधारित वाण आजही घरगुती विक्रीसाठी चांगला आहे. त्याचा गड्डा एक ते दीड किलोचा भरतो. मोठ्या बाजारासाठी संकरित वाण घ्यावेत, कारण ते एकाच वेळी तयार होतात. संकरित बियाणे एकरी ८० ते १०० ग्रॅम पुरते. कोणता संकरित वाण घ्यावा हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा, आपल्याच गावात मागील रब्बीत ज्याचा कोबी शेतात उभा असताना दहा दिवस तरी फुटला नाही, त्या शेतकऱ्याला विचारावे.

आता गड्डे लहान-मोठे का होतात ते पाहू. माझ्या अनुभवात याचे सर्वांत मोठे कारण रोपे हे आहे. ट्रेमधील २५ ते ३० दिवसांचे, चार-पाच पानांचे, जाड बुंध्याचे रोप लावावे. पस्तीस दिवसांपुढचे, खोड लाकडासारखे झालेले रोप लावल्यावर जगते, परंतु त्याचा गड्डा मागेच राहतो. लावण्यापूर्वी रोपे पाहून जोमदार आणि नाजूक असे दोन भाग करावेत आणि ते वेगवेगळ्या गादीवाफ्यांवर लावावेत, कारण शेजारच्या जोमदार झाडाच्या सावलीत नाजूक रोप कायमचे दबते. नांग्या, म्हणजे रोपे मेल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा, आठ-दहा दिवसांच्या आत भरून घ्याव्यात. त्यानंतर भरलेल्या नांग्यांतून विकण्याजोगा गड्डा क्वचितच मिळतो, म्हणून उशिरा सापडलेली रिकामी जागा तशीच सोडलेली बरी.

अंतरासाठी ठिबकवर साडेचार फुटांचा गादीवाफा करून त्यावर दोन ओळी आणि दोन रोपांत एक फूट, अशी नागमोडी लागवड मी करतो. या हिशेबाने एकरात सुमारे १९,३०० रोपे बसतात आणि गड्डा साधारण एक किलोचा मिळतो. घरगुती गिऱ्हाइकाला हाच आकार हवा असतो. हॉटेलांना आणि चायनीज पदार्थांच्या गाड्यांना मोठा गड्डा लागतो. तसे गिऱ्हाईक ठरलेले असेल तर रोपांतील अंतर सव्वा फूट करावे, मग रोपे साडेपंधरा हजारांच्या आसपास बसतात. एक फूट अंतरावर १७,००० गड्डे विकण्याजोगे निघाले आणि सरासरी एक किलो भरले तर एकरी १७ टन होतात. गड्डा आणखी मोठा करण्याच्या नादात युरिया वाढवू नये, त्याने गड्डा सैल राहतो आणि किडीला कोवळे खाद्य मिळते.

पाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. कोबीची बहुतेक मुळे वरच्या एक फूट मातीतच असतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी देण्याची आपली कांद्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. लागवड संध्याकाळी करून लगेच पाणी द्यावे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणी (लागवडीनंतरचे दुसरे पाणी) द्यावी आणि त्यानंतर वाफसा (माती ओलसर पण भुसभुशीत असण्याची स्थिती) मोडणार नाही अशा बेताने थोडे थोडे पाणी दररोज किंवा एक दिवसाआड द्यावे. विजेचे वेळापत्रक कधी दिवसा तर कधी रात्री असे बदलत असल्याने शक्य असेल तर संच आपोआप सुरू होण्याची सोय करावी. गड्डा धरू लागल्यापासून तो घट्ट होईपर्यंतचे तीन-चार आठवडे ताण अजिबात पडता कामा नये.

गड्डा उकलतो तो याच कारणाने. बाहेरची पाने वाढायची थांबलेली असतात, आतली पाने वाढतच असतात. मधेच ताण बसून नंतर एकदम पाणी मिळाले की आतली वाढ जोराने होते आणि बाहेरचे आवरण ती सहन करू शकत नाही. म्हणून गड्डा हाताला घट्ट लागू लागला की पाणी निम्म्यावर आणावे आणि नत्र (नायट्रोजनचे खत) पूर्णपणे थांबवावे. बाजार पडलेला असल्याने आठवडाभर थांबणे भागच असेल तर झाड दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळावे. एका बाजूची काही मुळे तुटून झाडाचे पाणी घेणे कमी होते आणि गड्डा काही दिवस टिकतो. कामाला मजूर लागतात, परंतु पाच-सहा गुंठ्यांसाठी हा उपाय परवडतो.

वाफसा

ताई, वरील उत्तरात लागवडीचे बहुतेक सर्व आले आहे, म्हणून मी केवळ जमीन आणि पीक संरक्षण यांविषयी लिहितो. मी राहुरी भागात राहतो आणि भाजीपाला पिकांचे काम करतो.

सर्वांत आधी एक प्रश्न, कारण त्याच्या उत्तरावर आपली संपूर्ण लागवड अवलंबून आहे. सोयाबीनवर उगवणीनंतर कोणते तणनाशक फवारले होते? त्यात इमॅझेथापायर हा घटक असेल तर त्याचा अंश जमिनीत कित्येक महिने राहू शकतो, आणि मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा हे संपूर्ण कुळ त्याला फार संवेदनशील आहे. रोपे मरत नाहीत, परंतु शेंडा खुजा राहतो, पाने पिवळसर पडतात आणि शेतकरी त्याला अन्नद्रव्यांची कमतरता समजून फवारण्या करत राहतो. याची परीक्षा घरीच करता येते. सोयाबीनच्या शेतातील चार-पाच ठिकाणची वरची माती एका कुंडीत आणि तणनाशक न पडलेल्या जागेची त्याच प्रकारची माती दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हींत मोहरी पेरावी. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही कुंड्यांतील मोहरी सारखीच वाढली तर निश्चिंतपणे लागवड करावी. पहिल्या कुंडीतील मोहरी खुजी राहिली तर त्या तुकड्यात या वर्षी कोबी लावू नये.

सोयाबीनशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे तंबाखूवरील पाने खाणारी अळी. ती सोयाबीनवरही येते, जमिनीत कोषावस्थेत राहते आणि नंतरच्या कोबीवर चढते. काढणीनंतर जमीन नांगरून ऊन खाऊ द्यावी, बगळे आणि मैना कोष वेचून खातात. रोपे लावल्यावर तिचे अंड्यांचे पुंजके आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांचा समूह एकाच पानावर सापडतो. असे जाळीदार पान दिसताच ते तोडून नष्ट करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ज्या झाडांना मधला गड्डा न धरता दोन-तीन लहान गड्डे फुटलेले आपण पाहिले, तेथे बहुधा गड्डा पोखरणाऱ्या अळीने कोवळा शेंडा खाल्लेला असतो. हे नुकसान लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते आणि दिसते ते दीड महिन्यानंतर. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा ओळीतून फिरून रोपाच्या पोंग्यात (मधल्या कोवळ्या पानांत) विष्ठा आणि जाळे दिसते का, ते पाहावे.

पानांची चाळण करणारी कीड म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची अळी फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती असते आणि हात लावला की वळवळत धाग्याने खाली लोंबकळते. उबदार हवेत तिची एक पिढी साधारण तीन आठवड्यांत पूर्ण होते. कीटकनाशकांना सरावण्यात या किडीचा हात धरणारी दुसरी कीड क्वचितच आढळेल. जावा बेटावर १९५३ मध्येच तिने डीडीटीला दाद दिली नव्हती, आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जैविक कीटकनाशकाला शेतात प्रत्यक्ष प्रतिकार करणारी पहिली कीड म्हणून १९९० मध्ये हवाई बेटांवरून तिचीच नोंद झाली. आपण पाहिलेल्या शेतात दर आठवड्याला फवारणी होऊनही अळी राहिली, त्याचे कारण बहुधा हेच असावे. एकच औषध, किंवा नावे वेगळी पण क्रिया एकच असलेली औषधे, पुन्हा पुन्हा मारली की तगून राहणाऱ्या अळ्यांचीच पुढची पिढी तयार होते आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मात्र मरून जातात. कोटेशिया नावाची बारीक गांधीलमाशी या अळीच्या शरीरात अंडी घालते. शेतात पानांवर तिचे पांढरे, तांदळाच्या कणीसारखे कोष दिसले तर फवारणी काही दिवस पुढे ढकलावी.

कमी फवारण्यांसाठी बेंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने सुचवलेली सापळा पिकाची पद्धत मी स्वतः वापरून पाहिली आहे. कोबीच्या प्रत्येक २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी घ्याव्यात. त्यातील एक ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरावी, म्हणजे कोबी शेतात असेपर्यंत कोवळी मोहरी उपलब्ध राहते आणि पतंग अंडी घालण्यासाठी तिकडे ओढले जातात. आपल्या गादीवाफ्यांच्या हिशेबाने बारा वाफ्यांनंतर मोहरीचा एक वाफा येईल. सोयाबीन काढणीनंतर लगेच मोहरी पेरली तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातील कोबी लागवडीशी ती बरोबर जुळते. शेताच्या दोन्ही कडांनाही मोहरी असावी.

याबरोबर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो निंबोळी पावडरीचा अर्क, गड्डा धरण्यापूर्वी दोन वेळा फवारावा. कोबीच्या पानावर मेणाचा थर असल्याने द्रावण ओघळून जाते, त्यामुळे स्टिकर (द्रावण पानाला चिकटवून ठेवणारा पदार्थ) मिसळणे आवश्यक आहे आणि नोझल पानांच्या खालच्या बाजूकडे वळवावे लागते. त्यानंतरही झाडामागे दोन अळ्यांपेक्षा अधिक दिसल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात त्याचा प्रभाव लवकर कमी होतो. रासायनिक औषधाची वेळ आलीच तर स्पिनोसॅड, इमामेक्टिन बेंझोएट आणि क्लोरँट्रानिलीप्रोल हे तीन वेगवेगळ्या गटांतील घटक आहेत. त्यातील एकाची पुनरावृत्ती सलग करू नये, लेबलवर कोबीचा उल्लेख आणि प्रमाण पाहूनच वापरावे आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) कटाक्षाने पाळावा. हा काळ पाळणे आपल्या शेवटच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. बाजारभाव चढला म्हणून कालची फवारणी आज काढणीला नेणे कोणत्याही कारणाने योग्य ठरत नाही.

रोगांपैकी आपल्या भागात घाण्या रोगाची काळजी घ्यावी. पानाच्या कडेपासून मध्यशिरेकडे निमुळता होत जाणारा पिवळा पट्टा आणि त्यातील काळ्या पडलेल्या शिरा ही त्याची खूण आहे. पहाटे पानांच्या कडेवर जेथे पाण्याचे थेंब दिसतात, त्याच छिद्रांतून हा जिवाणू आत शिरतो. तो बियाण्यातून येतो, म्हणून प्रक्रिया न केलेले बियाणे असेल तर ५० अंश सेल्सियसच्या पाण्यात २५ मिनिटे ठेवून, लगेच थंड पाण्यात घालून सावलीत सुकवावे. तापमान दोन-तीन अंशांनी चुकले तरी उगवण बिघडते, म्हणून तापमापकाशिवाय हे करू नये. पुसा मुक्ता हा वाण या रोगाला प्रतिकारक म्हणून विकसित केलेला आहे. आपल्याकडे ठिबक आहे हे चांगलेच आहे. तुषार सिंचनाने अळी धुऊन जाते, पण हा रोग पसरतो.

खतांसाठी हेक्टरी १६०:८०:८० किलो नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश ही शिफारस धरली तर एकरी ६४:३२:३२ किलो होते. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यावा, कारण या कुळाला गंधकाची गरज मोठी असते. सुमारे २०० किलोत ती गरजही भागते. युरिया एकूण १४० किलोच्या आसपास लागतो. त्यातील निम्मा लागवडीच्या वेळी आणि उरलेला महिनाभरात दोन-तीन हप्त्यांत ठिबकमधून द्यावा. आपल्या अहवालात पालाश भरपूर आहे, तेव्हा म्युरेट ऑफ पोटॅश ५३ किलोऐवजी निम्मे दिले तरी चालेल. सामू ७.८ असलेल्या जमिनीत बोरॉन कमी उपलब्ध होतो आणि त्यामुळे खोड आतून पोकळ व तपकिरी पडते, म्हणून एकरी ४ किलो बोरॅक्स शेणखतात मिसळून एकदाच द्यावे. बोरॉन जास्त झाल्यास विषारी ठरतो.

घोडनदी

वाफसा यांच्या उत्तरातील मोहरीच्या मुद्द्यावर मला वेगळे मत नोंदवायचे आहे. आमच्या आंबेगाव तालुक्यात कोबी मोठ्या प्रमाणावर होतो आणि मोहरीची पद्धत येथे अनेकांनी अवलंबून नंतर सोडून दिली. मोहरीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो हे खरे आहे, परंतु त्याबरोबर मावाही (रस शोषणारी बारीक कीड) भरपूर येतो, आणि थंडीत ढगाळ हवामान पडले की तोच मावा कोबीत उतरतो. मोहरीकडे कोणी लक्ष देत नाही, कारण ती विकायची नसते. त्यामुळे ती सापळा न राहता किडीची रोपवाटिका होते. ज्याला आठवड्यातून दोनदा मोहरी तपासणे आणि गरज पडताच केवळ तिच्यावर फवारणी करणे शक्य आहे, त्यानेच ती लावावी. नसेल जमत तर शेताभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी आणि एकरी आठ-दहा कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणारे) एवढ्यावर भर द्यावा. सापळ्यातील पतंगांवरून फवारणीची वेळ कळते आणि विनाकारण होणाऱ्या फवारण्या वाचतात.

विक्रीविषयीही थोडे सांगावेसे वाटते, कारण उत्तम पिकलेला कोबी रोटाव्हेटरखाली गेलेला आम्ही आमच्या शिवारात पाहिला आहे आणि त्या शेतकऱ्यांच्या मेहनतीचे दुःख मला आजही होते. एका गोणीची काढणी, भराई, वाहतूक, हमाली, तोलाई आणि आडत असा खर्च लागवडीपूर्वीच कागदावर मांडावा. त्यातून किलोमागे किती भाव मिळाला की काढणी परवडते हा आकडा हाती येतो. तो आकडा माहीत असलेला शेतकरी बांधावर आलेल्या व्यापाऱ्याशी घाबरून सौदा करत नाही. सिन्नरजवळ कारखान्यांची उपाहारगृहे आणि निवासी शाळांची स्वयंपाकघरे आहेत. तेथे दर आठवड्याला ठरावीक वजन पुरवण्याचा करार झाला तर गोदाकाठकरांनी सुचवलेले तीन तुकडे त्याला अगदी योग्य ठरतील.

वाफसा

घोडनदीकर, आपले निरीक्षण योग्य आहे आणि मी ते लिहायला हवे होते. मोहरीवर नजर ठेवली नाही तर ती न लावणेच चांगले. मावा दिसताच मोहरीची ती ओळ उपटून जनावरांना घालावी, फवारलेली नसेल तरच. एक मात्र नमूद करतो, मक्याच्या ओळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला पूर्ण रोखत नाहीत. त्यांचा उपयोग वारा अडवणे आणि मित्रकीटकांना आसरा देणे एवढाच धरावा.

सिन्नर शिवार

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. तणनाशकाचा रिकामा डबा शोधून पाहिला, त्यात इमॅझेथापायर आहे. जुलैमध्ये त्याची एक फवारणी झाली होती. आज दोन्ही ठिकाणची माती आणून कुंड्यांत मोहरी पेरली आहे. शेजारीच बाजरीचा तुकडा आहे, त्यात कोणतेही तणनाशक पडलेले नाही. मोहरी खुजी राहिली तर कोबी तिकडे नेऊ आणि सोयाबीनच्या जागी गहू घेऊ. ट्रेमध्ये पहिल्या तुकड्यापुरतेच बियाणे टाकत आहे. मोहरीची देखरेख सासूबाई आणि मी मिळून करू शकू, त्यामुळे दोन्ही कडांना आणि मधे एक वाफा एवढी लावून पाहणार आहोत.

आता एकच विचारायचे आहे. काढणी नेमकी केव्हा आणि कशी करावी, आणि काढणीनंतर शेतात राहणारी पाने व बुंधे यांचे काय करावे?

गोदाकाठ निफाड

ताई, कुंड्यांची परीक्षा आधी घेतलीत हे फार चांगले झाले. बाजरीचा तुकडा लागलाच तर त्याला शेणखत थोडे अधिक द्यावे, कारण सोयाबीनने मागे सोडलेले नत्र तेथे मिळणार नाही.

काढणीची खूण अंगठ्याने दाबून कळते. गड्डा दबला नाही आणि त्याच्या माथ्यावरचे पान किंचित मागे वळून चकाकू लागले की तो तयार झाला असे समजावे. संपूर्ण तुकडा एका दिवसात कापू नये. तीन-चार वेळा फिरून तयार झालेलेच गड्डे घ्यावेत, म्हणजे मागे राहिलेल्यांनाही वजन धरायला अवधी मिळतो. सकाळी दव ओसरल्यावर धारदार विळ्याने कापावे आणि बाहेरची दोन-तीन हिरवी पाने गड्ड्यावर राहू द्यावीत. वाहतुकीत घासली जातात ती हीच पाने आणि आतला गड्डा स्वच्छ पोहोचतो. गड्डे धुऊ नयेत, सावलीत ठेवावेत आणि आकारानुसार वेगळे भरावेत. मोठे आणि लहान एकाच गोणीत भरले की लिलावात संपूर्ण गोणीला लहान गड्ड्याचा भाव मिळतो.

निरोगी पाला जनावरांना घालता येतो, मात्र फवारणीचा प्रतीक्षा काळ पाल्यालाही लागू असतो, आणि एकाच वेळी भरपूर घातल्यास पोट फुगते, म्हणून कडब्यात मिसळून थोडा थोडा घालावा. बुंधे शेतात तसेच सोडू नयेत. त्यांना पुन्हा कोवळे धुमारे फुटतात आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग त्यांवरच वाढून आपल्याच दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात जातो, त्यामुळे पहिला तुकडा रिकामा होताच त्याच आठवड्यात बुंधे उपटावेत. घाण्या रोगाची झाडे उकिरड्यावर किंवा बांधावर न टाकता शेताबाहेर खोल खड्ड्यात पुरावीत, नाहीतर तोच जिवाणू शेणखतातून परत शेतात येतो. त्या तुकड्यात पुढील दोन-तीन वर्षे कोबी, फ्लॉवर, मुळा आणि मोहरी यांपैकी काहीही घेऊ नये. आपले पाणी मार्चपर्यंतच असल्याने जानेवारीत मोकळ्या होणाऱ्या जागेत चाऱ्याचा मका पेरला तर तो पाणी संपण्याच्या सुमारास कापणीला येईल.